साडेअकरा पौंडांचा करार: प्रादेशिक सरकारे, वंश आणि शाळा हा विषय बडोद्यातून कसा सुरू करावा

बडोद्यात दर जूनला कोणी ना कोणी हा विषय घेऊन येतं. कधी एम.ए.ला प्रवेश घेतलेली दांडिया बाजारातली मुलगी, कधी नोकरी सांभाळून पीएच.डी.चा घाट घातलेले मास्तर. ‘प्रादेशिक सरकारांचा जागतिक प्रभाव आणि शिक्षणातली वांशिक समता’ एवढं नाव उच्चारेपर्यंतच त्यांना धाप लागते. मग ठरलेला प्रश्न येतो: वाचायला सुरुवात कुठून करू? माझं उत्तरही ठरलेलं आहे. वाचन नंतर. आधी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीपासून कमाटीबागेपर्यंत पायी जाऊन या.

सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतली ग्रंथालयं पाहिली आणि विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० साली बडोद्यात आणलं. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवणारी व्यवस्था त्या काळात उभी राहिली. मांडवीची लायब्ररी हे त्याच खटाटोपाचं फळ. तिचे काचेच्या फरशीचे मजले अजून लोक कौतुकाने बघायला जातात. तिथून निघून बागेत पोचलात की दुसरी गोष्ट भेटते. याच संस्थानाच्या पैशावर न्यूयॉर्कला शिकून आलेले आंबेडकर सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यात राहायला जागा न मिळाल्याने त्या बागेत बसून होते, रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट बघत. ज्या सरकारचा हात न्यूयॉर्कपर्यंत पोचला, त्या सरकारला आपल्याच शहरात या माणसासाठी एक खोली उघडून देता आली नाही. हा विषय या दोन जागांच्या मधोमध आहे. पुढे क्वेबेक येईल, कॅलिफोर्निया येईल, टेक्सास येईल. प्रत्येक ठिकाणी मापायचं ते हेच अंतर.

पहिली पायरी: ‘प्रादेशिक सरकार’ म्हणजे कोण, ते लिहून काढा

हे एका पानात उरकतं, पण टाळलंत तर वर्षभर छळतं. देशाच्या केंद्राच्या खालचं, पण स्वतःचा कायदा किंवा स्वतःची तिजोरी असलेलं सरकार, एवढी व्याख्या सुरुवातीला पुरते. भारतातलं राज्य, अमेरिकेतलं स्टेट, कॅनडातला किंवा दक्षिण आफ्रिकेतला प्रांत, जर्मनीतलं लँड. बडोदं मात्र यात सरळ बसत नाही. ते संस्थान होतं. शाळा, कर आणि कायदे त्याचे. परराष्ट्र व्यवहार ब्रिटिशांच्या हाती. म्हणून ‘बडोदा राज्याचं परराष्ट्र धोरण’ असं शीर्षक कुठे दिसलं तर जरा थबका. राज्याबाहेर प्रभाव पाडण्याचे त्याचे मार्ग आडवळणाचे होते: माणसं पाठवणं, माणसं आणणं आणि दुसऱ्यांना दाखवता येईल असा नमुना उभा करणं.

नमुन्याचं उदाहरण घ्या. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण संस्थानाने १८९३ साली अमरेली तालुक्यात करून पाहिलं आणि १९०६ च्या कायद्याने सगळ्या संस्थानाला लावलं. पुढे गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी १९११ साली तसंच विधेयक आणलं, तेव्हा बडोद्याचा दाखला दिला. विधेयक १९१२ मध्ये पडलं. लहान सरकार मोठ्या सरकारला लाजवू शकतं, पण हलवू शकेलच असं नाही. ही दोन क्रियापदं वेगळी ठेवायची सवय आत्ताच लावून घ्या.

आजच्या भारताबद्दल दोन खुणा पुरेत. परराष्ट्र व्यवहार केंद्राच्या सूचीत आहेत. शिक्षण आधी राज्यांच्या सूचीत होतं, ते १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेलं. शाळेचा कुठलाही जुना निर्णय वाचताना तो या दुरुस्तीच्या अलीकडचा की पलीकडचा, हे समासात टिपा.

दुसरी पायरी: एकच कागद घ्या आणि तो पिळून काढा

नवखा माणूस पन्नास लेख उतरवून घेतो आणि पन्नासांची पहिली दोन-दोन पानं वाचतो. त्यापेक्षा एक कागद घ्या. मी आंबेडकरांच्या शिष्यवृत्तीचा करार देतो, कारण तो सगळ्यांना माहीत असतो आणि नीट कोणी वाचलेला नसतो.

करार ४ जून १९१३ चा. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर संस्थानाची दहा वर्षं नोकरी. या तीन ओळींतून काय निघतं ते बघू.

पैसे आधी. इथे माझीच फजिती सांगतो. विद्यार्थी असताना मी माझ्या निबंधात ‘११ पौंड ५० पेन्स’ असं ऐटीत लिहिलं होतं. परीक्षकांनी लाल पेन्सिलीने गोल केला आणि बाजूला फक्त ‘शिलिंग?’ एवढं लिहिलं. तेव्हा पौंडाचे वीस शिलिंग आणि शिलिंगाचे बारा पेन्स, म्हणजे साडेअकरा पौंड हे ११ पौंड १० शिलिंग होतात. त्या काळी पौंडाला पंधरा रुपये हा दर होता; हिशेब करा, १७२ रुपयांच्या वर जातो. याच विद्यार्थ्याला एल्फिन्स्टन कॉलेजात असताना सयाजीरावांकडून महिना २५ रुपये मिळत होते. आकडा त्याच्या काळाच्या नाण्यात वाचला की सरकारने किती मोठी उडी घेतली ते दिसतं.

मग अट. दहा वर्षांची नोकरी म्हणजे दान नव्हे, गुंतवणूक. संस्थानाला शिकलेले अधिकारी हवे होते. यात कमीपणा काही नाही, पण ‘महाराजांची उदारता’ या दोन शब्दांत हा कागद गुंडाळू नका. औदार्य होतं आणि हिशेबही होता. अभ्यासकाला दोन्ही एका वाक्यात लिहिता आले पाहिजेत.

तिसरं म्हणजे परिणाम, आणि तो दोन दिशांना जातो. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९१५ मध्ये एम.ए. केलं, मे १९१६ मध्ये तिथल्या एका चर्चावर्गात जातींच्या उगमावर निबंध वाचला. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा प्रबंध १९२५ साली पुस्तकरूपाने आला, त्याला प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि अर्पणपत्रिका सयाजीरावांच्या नावे. म्हणजे बघा: एका प्रादेशिक सरकारच्या पैशाने शिकलेल्या माणसाने प्रांत आणि केंद्र यांच्यात पैसा कसा वाटला जातो, यावरच प्रबंध लिहिला. तुमच्या विषयाचा निम्मा पाया त्या पुस्तकात आहे.

आणि दुसऱ्या दिशेला १९१७ चा सप्टेंबर. पारशी सरायीत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं दारात आली. पुढे त्यांनी स्वतः लिहिलंय की युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, ती बडोदं स्टेशनात उतरल्यावर जागी झाली. करार करताना ‘परत आल्यावर राहणार कुठे’ हा रकाना कोणालाच सुचला नव्हता. कागदात काय नाही, हेही वाचायला शिका.

तिसरी पायरी: वंश आणि जात यांना एका खणात कोंबू नका

इथे सर्वांत जास्त गडबड होते, म्हणून जरा रेंगाळतो.

इंग्रजीतला ‘रेस’ मराठीत वंश होतो, पण तुमच्या वाचकाच्या डोक्यात वंश म्हटलं की सूर्यवंश-चंद्रवंश येतो. ‘वर्ण’ लिहाल तर चातुर्वर्ण्य येईल. मी तरी वांशिक हे विशेषण ठेवतो आणि माणसांसाठी कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाचे असं थेट लिहितो. समतेचंही तसंच. ‘इक्वॉलिटी’ला समानता चालते, राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ आहेच. ‘इक्विटी’ म्हणजे ज्याला जास्त अडचण त्याला जास्त आधार. त्याला समता म्हणा किंवा न्याय्य वाटा म्हणा, पण एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच. शब्दांचा हा घोळ नवा नाही. बडोदा संस्थानाने १९३१ साली ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ काढला, एकेका कारभारी शब्दाला आठ भाषांतले पर्याय देणारा. हाताशी लागला तर तासभर नुसता चाळा. सरकारला आपला शब्द रयतेला कळावा म्हणून किती घाम गाळावा लागतो ते कळेल.

आता आशय. वंश आणि जात यांची सांगड घालणारे धागे खरे आहेत. फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. जुलै १९४६ मध्ये आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली. ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं. पण त्याच आंबेडकरांनी १९१६ च्या निबंधात बजावलं होतं की युरोपीय अभ्यासक स्वतः रंगाच्या पूर्वग्रहात बुडालेले असल्यामुळे त्यांना जातीतही सगळीकडे रंगच दिसतो. सोबत उभं राहणं वेगळं, एकच समजणं वेगळं. तुमच्या वहीत दोन स्वतंत्र पानं ठेवा. साम्य दिसलं तर बाण काढा, पानं शिवू नका.

चौथी पायरी: पैशाचा माग काढा, बेरीज स्वतः करा

शाळेतला अन्याय भाषणात सापडत नाही, तो खर्चाच्या तक्त्यात असतो. सरावासाठी मी टेक्सासमधला एक खटला देतो. सान अंतोनिओ शहरातले दोन शाळा-जिल्हे (शाळा चालवायला आपापला मालमत्ताकर लावणारे विभाग): एजवूड, जिथे बहुतांश मुलं मेक्सिकन वंशाची, आणि अलामो हाइट्स, जिथे बहुतांश गोरी. आकडे १९६७-६८ चे, एका मुलामागे डॉलरमध्ये.

एजवूड: स्थानिक मालमत्ताकरातून २६, राज्याकडून २२२, केंद्राकडून १०८.
अलामो हाइट्स: स्थानिक ३३३, राज्य २२५, केंद्र ३६.

बेरीज करा: ३५६ आणि ५९४. बरेच जण इथेच थांबून ‘गरिबांवर अन्याय’ लिहितात. थांबू नका, कराचा दर बघा. एजवूडचे लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट भरत होते आणि अलामो हाइट्सचे ८५ सेंट. म्हणजे गरीब वस्ती जास्त दराने कर भरून २६ डॉलर जमवते आणि श्रीमंत वस्ती कमी दराने ३३३. घरांच्या किमतीच तशा. केंद्राने एजवूडला तिप्पट दिलं तरी खड्डा भरला नाही. आणि राज्याने दोघांना जवळजवळ सारखंच दिलं: २२२ आणि २२५. समानता आणि समता यांतला फरक याहून स्वच्छ मी कुठे पाहिलेला नाही.

पालक कोर्टात गेले. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांना नकार दिला. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेतला मूलभूत हक्क नाही, असं बहुमत म्हणालं. पण टेक्सासची स्वतःची घटना होतीच. १९८९ मध्ये टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आधारे ही निधीव्यवस्था अवैध ठरवली. वरच्या दारात जे मिळालं नाही ते प्रादेशिक दारात मिळालं, आणि खड्डाही त्याच प्रदेशाच्या कायद्याने पाडला होता. हे एक प्रकरण नीट कळलं की दक्षिण आफ्रिकेतले शाळांचे पाच गट, त्यांतल्या सर्वांत गरीब तीन गटांना फीमाफी, हे सगळं वाचायला जड जाणार नाही.

पाचवी पायरी: कोणाला मोजलं, कोणत्या नावाने

अमेरिकेत वांशिक रकाने सरकार ठरवतं आणि बदलतंही. अलीकडे २०२४ मध्ये मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका असा नवा रकाना जोडायचं ठरलं. फ्रान्समध्ये असे सरकारी आकडे सहसा गोळाच करत नाहीत. त्यामुळे ‘फ्रान्समध्ये वांशिक विषमता किती’ हा प्रश्न अमेरिकेच्या पद्धतीने विचारून चालत नाही. बडोद्याच्या जुन्या अहवालांत ‘अंत्यज’ असा रकाना दिसेल. अवतरणात तो तसाच ठेवा, स्वतःच्या वाक्यात वापरू नका.

आणि हजेरीपटावरच्या संख्येवर लगेच भाळू नका. संस्थानाने १८८२-८३ च्या सुमारास अस्पृश्यांसाठी शाळा काढायला सुरुवात केली. हुकूम निघाला, पैसे मंजूर झाले आणि गाडं अडलं ते मास्तरांपाशी: सवर्ण हिंदू शिक्षक तिथे शिकवायला तयार होईनात. बरीच वर्षं मुसलमान शिक्षकांवर काम भागलं. १९०८ मध्ये आर्य समाजाचे पंडित आत्माराम अमृतसरी आले, तेव्हा देखरेखीची आणि वसतिगृहाची काहीशी घडी बसली. एक हुकूम आणि एक भरलेला वर्ग यांच्यात पंचवीस वर्षं जाऊ शकतात. अहवालात दोन्ही एकाच परिच्छेदात असतात.

सहावी पायरी: ‘घरी’ आणि ‘बाहेर’ असे दोन रकाने

वहीच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे घरी, उजवीकडे बाहेर. दोन प्रदेश मी भरून दाखवतो.

क्वेबेक. बाहेर: फेब्रुवारी १९६५ मध्ये या प्रांताने फ्रान्सशी करार केला, आणि तो शिक्षणाचाच होता. त्याच एप्रिलमध्ये प्रांताचे शिक्षणमंत्री पॉल जेराँ-लाजोआ यांनी मॉन्ट्रियलमध्ये परदेशी वाणिज्यदूतांसमोर भूमिका मांडली की जे विषय घरात आमच्या अखत्यारीत आहेत, त्यांवर बाहेर बोलण्याचाही हक्क आम्हाला आहे. प्रादेशिक मुत्सद्देगिरीच्या अभ्यासाला या भाषणाशिवाय सुरुवात होत नाही. घरी: २०१९ च्या कायद्याने सरकारी शाळांत नव्याने लागणाऱ्या शिक्षकांना हिजाब, पगडी यांसारखी धार्मिक चिन्हं घालायला बंदी. समर्थक त्याला धर्मनिरपेक्षता म्हणतात. ज्यांची नोकरीची वाट बंद झाली ते भेदभाव म्हणतात. दोन्ही बाजू लिहा, आणि वर्गासमोर उभं राहायचं कोणाचं राहून गेलं तेही लिहा.

कॅलिफोर्निया. बाहेर: १९८६ साली राज्याने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी धंदा करणाऱ्या कंपन्यांतून सरकारी निधी काढून घेण्याचा कायदा केला, त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठानेही तसंच ठरवलं. घरी: दहाच वर्षांनी, १९९६ मध्ये, सार्वमताने सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करायला बंदी आली. ढोंगी म्हणायचा मोह होतो. मीही एकदा तसं लिहून बसलो होतो. पण कायदा केला विधिमंडळाने आणि बंदी आणली मतदारांनी. २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्धचं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं आणि राज्यपालांनी परत पाठवलं (तिथला राज्यपाल निवडून आलेला असतो, आपल्यासारखा नेमलेला नव्हे). तेव्हा ‘राज्याने केलं’ असं लिहिताना राज्याचा कोणता हात, ते विचारा. त्याच वर्षी सिएटलच्या नगर परिषदेने मात्र जातिभेदाला बंदी घालून टाकली. नगर परिषद हे प्रादेशिक सरकार नव्हे, म्हणून ते उदाहरण कोपऱ्यात ठेवा.

बडोद्याचे रकाने तुम्ही भरा. एक नाव सुचवतो: हंसा मेहता. संस्थानाच्या दिवाणांची मुलगी, बडोदा कॉलेजची पदवीधर, १९४९ मध्ये इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर असताना जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातलं ‘सर्व पुरुष’ बदलून ‘सर्व मानव’ व्हावं म्हणून त्या अडून बसल्या, आणि ते झालं. त्यांना ‘बाहेर’मध्ये घालायचं की ‘घरी’, यावर माझ्याकडे येणाऱ्या मुलांची दर वर्षी भांडणं होतात.

बसायचं कुठे

छापील पुस्तकांसाठी विद्यापीठातली हंसा मेहता लायब्ररी, जुन्या संस्थानी अहवालांसाठी मांडवी, आणि मूळ कागदांसाठी राज्य अभिलेखागाराची बडोद्यातली कचेरी. कचेरीत जाताना संस्थेचं पत्र, ओळखपत्र आणि पेन्सिल न्या. शाईचं पेन खिशातच राहू द्या. फोटो काढण्याआधी विचारा. पहिल्या दिवशी फाइल हाती पडेल ही आशा धरू नका, यादी बघून क्रमांक उतरवून आलात तरी दिवस सार्थकी लागला. वार्षिक अहवाल इंग्रजीत, हुकूम गुजरातीत, जुनं दप्तर मोडीत. मराठी घरातली मुलं मोडी शिकायला उत्साहाने धावतात, बरंच आहे. पण सयाजीरावांच्या काळातल्या शाळांसाठी तुम्हाला जास्त उपयोग होईल तो हाताने लिहिलेल्या गुजरातीचा.

सहा आठवड्यांनी मी पाच पानांचं टिपण मागतो. एक प्रदेश, एक कागद, पैशाची एक बेरीज, दोन रकाने. निष्कर्ष नको. जिथे माहिती सापडली नाही तिथे चौकट रिकामी ठेवायची, गोल-गोल वाक्यांनी भरायची नाही. मागच्या वर्षीच्या एका मुलीच्या टिपणात अशी एकच चौकट रिकामी होती: ‘अंत्यज’ शाळेतला मास्तर, त्याचा पगार इतर मास्तरांएवढा होता का? इंग्रजी अहवालांत तिला ते मिळालं नव्हतं. सध्या ती शेजारच्या काकांच्या जुन्या वहीखात्यांवरून गुजराती हस्ताक्षर वाचायला शिकते आहे.